नॅक्सॉसमधले ते गृहस्थ

सनीव्हेल,
४ मे २००३

चि. प्रतिमा,

फोनवर तुझं अर्धं बोलणं मला ऐकू येत नाही आणि मी ओरडतो म्हणून उरलेलं अर्धं तू आवरतं घेतेस. तेव्हा पत्रच बरं. नागपूरच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये गेली. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही. रिटायर झालो तेव्हा कान तिथेच राहिले आणि आवाज तेवढा घरी आला.

बातमी अशी की गिरीश मला ग्रीसला नेतो आहे! पुढच्या वर्षी अथेन्सला ऑलिंपिक आहे म्हणून तिथली एक फोन कंपनी गिरीशच्या कंपनीची यंत्रं बसवते आहे. गिरीशला तिथे आठवडाभर काम. काम संपलं की जोडून सुट्टी आहे, तेव्हा नॅक्सॉस नावाच्या बेटावर आम्ही दोघंच फिरायला जाणार. मी म्हटलं, तुझ्या कामात माझी लुडबुड कशाला? तर म्हणाला, "बाबा, आई असती तर तुम्हा दोघांना नेलं असतं. आता तुम्ही तरी चला." मग मी हो म्हटलं. सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन व्हिसासुद्धा काढून आणला त्यानं.

खरं सांगू, बेटापेक्षा मला त्याच्या ऑफिसची माणसं बघायची आहेत. मी आल्यापासून त्यानं एकालाही घरी आणलेलं नाही. आपल्याकडे पोरगं नोकरीला लागलं की बाप एकदा तरी त्याच्या साहेबाला भेटून येतो. मी इंग्रजीत चार वाक्यं तयार करून ठेवली आहेत. आंघोळ करताना म्हणून पाहतो. गिरीश बाहेरून दार वाजवतो, "बाबा, शेजारी ऐकतायत!"

जुलैअखेर तुझ्याकडे येतोच आहे. राधिकाला म्हणावं, आजोबा तुला ग्रीसमधून शिंपले आणतील.

बाबा


सनीव्हेल,
३१ मे २००३

ताई,

बाबा तुझ्याकडे अचानक उतरले त्याबद्दल सॉरी. अथेन्सहून येताना नेवार्कला विमान बदलायचं होतं, तिथे एकदम म्हणाले, "मी आता प्रतिमाकडेच जातो." मी म्हटलं, तुमची मोठी बॅग सनीव्हेलला आहे, जुलैत जायचं ठरलंय. तर म्हणे, "बॅगेचं बघू." तू घ्यायला येऊ शकलीस म्हणून बरं. माझी पुढची फ्लाइट होती, नीट बोलणंही झालं नाही.

ट्रिप मस्त झाली. नॅक्सॉस तर काय सांगू! बोट बंदरात शिरते तेव्हा डाव्या हाताला टेकाडावर संगमरवराचा एक प्रचंड दरवाजा उभा दिसतो, नुसती चौकट. अडीच हजार वर्षांपूर्वी देऊळ बांधायला घेतलं आणि ते अर्धवटच राहिलं. बाबा म्हणाले, "म्हणजे ठेकेदार पळाला." दुसऱ्या दिवशी बसनं डोंगरातल्या गावात गेलो. बाबांनी तिथल्या म्हाताऱ्यांच्या बाकावर बसून खूप गप्पा मारल्या. हे मराठीत, ते ग्रीकमध्ये, आणि कुणाचंच अडत नव्हतं.

फक्त एक झालं. आमचा मॅनेजर डग आणि कस्टमरचा माणूस स्टेलिओस हे दोघंही वीकेंडला तिथेच आले. स्टेलिओसच्या भावाचं तिथे हॉटेल आहे. त्यामुळे रविवारी संध्याकाळी मला त्यांच्याबरोबर जेवावं लागलं आणि बाबांना वेळ देता आला नाही. परतीच्या बोटीवर बाबा एकटेच वरच्या डेकवर बसले होते. ऊन घेतो म्हणाले. थोडे दमल्यासारखे वाटले.

त्यांच्या बीपीच्या गोळ्या सोबत पाठवतोय. कानातल्या मशीनच्या बॅटऱ्या तुझ्याकडच्या फार्मसीत मिळतील. ते काही म्हणाले का? म्हणजे ट्रिपबद्दल?

गिरीश


वेस्ट विंडसर,
११ जून २००३

गिरीश,

गोळ्या मिळाल्या. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि संध्याकाळी बाबा समोर असतात म्हणून मला बोलता येत नाही. त्यामुळे लिहिते आहे.

बाबांना काय झालंय? चिडलेत म्हणावं तर तसं नाही. जेवतात, राधिकाला बसस्टॉपवर सोडायला जातात, त्यांच्या लाडक्या जावयाशी, राजेशशी, क्रिकेटवर बोलतात. पण हळू बोलतात. आपले बाबा, गिरीश! ज्यांच्या एका हाकेनं गल्लीतली क्रिकेट मॅच थांबायची. आता मला पुन्हा पुन्हा "काय म्हणालात?" असं विचारावं लागतं. परवा राधिका म्हणाली, "आजोबा, व्हाय आर यू व्हिस्परिंग?" तर तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "शिकून राहिलो, बेटा."

आणि दुसरं. शनिवारी शेजारच्या पद्मिनीकाकू आल्या होत्या. त्यांना ग्रीसचं मोठं कौतुक. बाबांनी छान सांगितलं सगळं, दरवाजा, डोंगरातली गावं, समुद्राचा रंग. काकूंनी विचारलं, "मुलाबरोबर गेला होतात ना?" तर बाबा म्हणाले, "नाही हो, एका टूरबरोबर गेलो होतो."

मी स्वयंपाकघरातून बघतच राहिले. काकू गेल्यावर विचारलं, "बाबा, असं का सांगितलंत?" म्हणाले, "तसंच सांगायचं असतं तिथलं." आणि वर्तमानपत्र उघडलं.

कुठली टूर, गिरीश? मला काहीच कळत नाहीये. तुला कळतंय का?

ताई


सनीव्हेल,
१७ जून २००३

ताई,

कळतंय.

तुझं पत्र पार्किंग लॉटमध्ये गाडीतच उघडलं. 'टूर' शब्दाशीच थांबलो. मला वाटलं होतं, त्यांनी ऐकलं नसेल. तीन आठवडे मी स्वतःला हेच सांगत होतो, की मधे दोन टेबलं होती, वारा होता, आणि बाबा संध्याकाळी मशीन काढून ठेवतात.

काय झालं ते लिहितो. बाबांना घेऊन आलोय हे मी ऑफिसमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. अथेन्सच्या हॉटेलात त्यांना म्हणायचो, "आमची ब्रेकफास्ट मीटिंग असते, तुम्ही नऊनंतर खाली या." तशी मीटिंग नव्हती. शुक्रवारी डग म्हणाला की आम्हीही नॅक्सॉसला येतोय, तेव्हा माझी झोपच उडाली. तिथे मी लांबून डगला पाहिलं की बाबांना दुसऱ्या गल्लीत न्यायचो. "इकडे जास्त छान आहे, बाबा." ते म्हणायचे, "चल, तू म्हणतोस तर."

रविवारी संध्याकाळी त्यांना सांगितलं, "माझं ऑफिसचं जेवण आहे. तुम्ही आपण उतरलोय त्या घरमालकिणीकडेच जेवा." आम्ही बंदरावरच्या खानावळीत बसलो. थोड्या वेळानं बघतो तर बाबा! इस्त्रीचा पांढरा शर्ट, आईनं विणलेला तो चॉकलेटी स्वेटर, हातात पिशवी. आमच्यापासून जरा लांब बसले आणि वेटरला सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं सांगू लागले, "नो मीट! नो फिश! नो एग! ओन्ली पोटॅटो, भाऊ!" लोक वळून बघायला लागले. मग पिशवीतून लोणच्याची बाटली काढून त्यांनी वेटरलाच आग्रह चालवला. स्टेलिओस हसायला लागला. हुबेहूब नक्कल केली त्यानं, "ओन्ली पोटॅटो!" आणि मी हसलो, ताई. मी पण हसलो.

तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हात वर केला आणि खुर्चीवरून उठायला लागले. स्टेलिओसनं विचारलं, "तुझ्या देशाचे दिसतायत. ओळखतोस?"

मी म्हटलं, "नाही. कुठल्या तरी टूरबरोबर आलेले असतील."

हे काही माझ्या तोंडून निसटलं नाही. विचार करायला वेळ होता, मी विचार केला आणि म्हणालो. बाबांचा हात वरच होता. तो त्यांनी डोक्यावरून फिरवला, केस सारखे केल्यासारखा, आणि पुन्हा खाली बसले. मला वाटलं, बरं झालं, कामात आहे हे त्यांना समजलं. डग नुसता ताटात बघत होता. मला वाटलं, दमलाय.

खोलीवर गेलो तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. सकाळी मला म्हणाले, "बोटीवर मी वर बसतो, तू तुझ्या लोकांत बस." मला किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू. आता ते आठवलं की आरशात बघवत नाही.

ऑफिसमध्ये दोन वर्षांत तीनदा लेऑफ झालाय. ग्रीनकार्ड लटकलेलं आहे. कस्टमरच्या कामावर असताना फॅमिली ट्रिप करतोय असं दिसायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू तरी समजून घे.

गिरीश


वेस्ट विंडसर,
२४ जून २००३

गिरीश,

लेऑफचं मला सांगू नकोस. राजेशही गेल्या वर्षी पाच महिने घरी होता. "हे माझे वडील" एवढं म्हटल्यानं कुणाची नोकरी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. तुला नोकरीची भीती नव्हती. तुला लोणच्याची बाटली दिसत होती आणि तो आवाज ऐकू येत होता. निदान मला तरी खरं सांग.

तुझं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तुला खूप काही लिहायचं ठरवलं होतं. पण लिहायला बसले आणि गेल्या वर्षी बाबा इथे आले होते तेव्हाची लायब्ररी आठवली. बाबा मोठ्यानं बोलले की मी मुद्दाम अगदी हळू बोलायचे, म्हणजे त्यांना कळावं आणि त्यांनी आवाज कमी करावा. कुणी बघितलं की हसून खांदे उडवायचे. तुझ्याइतकं नाही केलं मी. पण त्याच रस्त्यावर उभी होते.

त्यामुळे तुला शिव्या देण्याचा मला हक्क आहे की नाही, कळत नाही. तरी देते. तू मूर्ख आहेस आणि वाईट वागलास.

मी त्यांना काही बोललेले नाही. ते मी बोलून उपयोगाचं नाही. तू त्यांना लिही. फोन करू नकोस, त्यांना ऐकू येणार नाही आणि तू त्याचा फायदा घेशील.

ताई


सनीव्हेल,
१ जुलै २००३

बाबा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. नॅक्सॉसला त्या संध्याकाळी मी जे बोललो ते तुम्ही ऐकलंत, हे ताईच्या पत्रावरून कळलं. मला माफ करा.

तुम्हाला इथली परिस्थिती माहीत आहे. दर काही महिन्यांनी माणसं काढतात. कामाच्या ट्रिपवर वडिलांना घेऊन आलोय हे मी आधी सांगितलं नव्हतं, आणि तिथे कस्टमरसमोर ते एकदम कसं सांगायचं हे कळेना. घाबरलो आणि बोलून गेलो. तुमच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. मी तुम्हाला आवडीनं, प्रेमानं नेलं होतं. ते खोटं नव्हतं.

तुम्ही सनीव्हेलला परत या. ऑगस्टअखेरची तुमची फ्लाइट इथूनच आहे. राहिलेले दिवस आपण फिरू, तुम्ही म्हणाल तिथे जाऊ. मी सुट्टी घेतो.

गिरीश


वेस्ट विंडसर,
९ जुलै २००३

चि. गिरीश,

पत्र पोचलं. तू लिहिलंस हे बरं केलंस. पण त्यात जे लिहिलंस ते पटलं नाही.

नोकरीची भीती मला चांगली माहीत आहे. कारखान्यात संप झाला तेव्हा तू पाळण्यात होतास. त्या भीतीनं माणसाचा घसा कोरडा पडतो. तुझा पडला नव्हता. तू हसत होतास. मी बघत होतो ना.

आता तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. सांगणार नव्हतो, पण तू भीतीचं लिहिलंस म्हणून सांगावी लागते.

त्या रविवारी तू झोपलेला असताना मी सकाळी त्या दगडी दरवाजापर्यंत फिरायला गेलो होतो. तिथे एक गोरा माणूस धावत आला आणि धापा टाकत कठड्याला टेकला. तुझ्या घरी दोरीवर वाळत असतो तसाच कंपनीचा टी-शर्ट त्याच्या अंगात. मी सरळ जाऊन हात पुढे केला आणि तयार केलेलं वाक्य म्हटलं, "गुड मॉर्निंग सर, आय ॲम फादर ऑफ गिरीश." त्याला आधी नवल वाटलं, मग फार आनंद झाला. तोच तुझा डग. अर्धा तास आम्ही तिथे बसलो. मशीन कानात होतं आणि तो सावकाश बोलत होता, मला सगळं कळलं. तुझं फार कौतुक केलं त्यानं. अडचणीच्या वेळी पहिला फोन गिरीशला करतो, म्हणाला. मी त्याला म्हटलं, आपण भेटलो हे तुम्ही त्याला सांगू नका, मीच सांगतो, त्याला गंमत वाटेल.

ती गंमत सांगायला मी संध्याकाळी आलो होतो. घरमालकिणीला तुझं ठिकाण विचारून आलो. तुझं जेवण चालू होतं म्हणून आधी लांब बसलो. मशीन मी काढलं नव्हतं. साहेबांशी पुन्हा बोलणं होईल म्हणून नवी बॅटरी घालून आलो होतो.

म्हणजे तू जे बोललास ते माझ्याइतकंच डगनंही ऐकलं, आणि मी कोण हे त्याला माहीत होतं. तू ते बोललास तेव्हा मी तुझ्याकडे बघत नव्हतो, त्याच्याकडे बघत होतो. त्याला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर तू बोटीची चौकशी करायला गेलास तेव्हा तो माझ्याजवळ आला. काहीतरी बोलायला लागला, "सर, आय ॲम सो..." मी त्याला थांबवलं. म्हटलं, "प्लीज सर. ही इज गुड बॉय. डोन्ट टेल हिम यू नो." त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. मग तुझी चाहूल लागली तसा तो बाजूला झाला. म्हणून मी बोटीवर वर जाऊन बसलो. आम्ही तिघं एका ठिकाणी असतो तर तुला कळून चुकलं असतं.

गिरीश, तुझ्या नोकरीसाठी मी कुणापुढे शब्द टाकला असता तर मला त्याचं काही वाटलं नसतं. पण तू मला ओळखत नाही म्हणालास, आणि ते झाकण्यासाठी मी परक्या माणसाला हात जोडले. ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

आणखी एक झालं आहे. मला माझ्या आवाजाची लाज वाटायला लागली आहे. आयुष्यात कधी वाटली नव्हती. तुझी आई थट्टा करायची, पण तिच्यासोबत मीही हसायचो. आता तोंड उघडण्याआधी इकडेतिकडे बघतो. या वयात हे नवीन लागलं.

माफ केलं असं लिहिणार नाही. ते लिहिलं की तुझं काम संपल्यासारखं तुला वाटेल. परतीचं तिकीट नेवार्कहून करून दे. माझी मोठी बॅग पोस्टानं पाठव.

बाबा


सनीव्हेल,
१८ जुलै २००३

बाबा,

तुमचं पत्र वाचलं. मी भीतीचं लिहिलं ते खोटं होतं. ताईनंही आधीच तसं सांगितलं होतं, तरी मी तुम्हाला तेच लिहिलं. मला तुमची लाज वाटली होती. बास, हेच खरं. तुमचा आवाज, लोणचं, स्वेटर. तुम्ही मला ज्या आवाजात हाका मारून जेवायला बोलवायचात त्याच आवाजाची.

काल डगच्या केबिनमध्ये गेलो. दार लावलं. म्हटलं, "नॅक्सॉसमधले ते गृहस्थ माझे वडील होते." तो म्हणाला, "आय नो." मला वाटत होतं, त्यानं मला झापावं. त्यानं नाही झापलं. म्हणाला, "त्यांनी मला शपथ घातल्यासारखं केलं होतं, म्हणून मी गप्प राहिलो. पण त्या संध्याकाळी मी उठून त्यांच्यासाठी खुर्ची ओढायला हवी होती. मीही बसून राहिलो." त्याचे कान लाल झाले होते. मग त्यानं मला पुढच्या आठवड्याच्या टेस्टिंगचं विचारलं आणि मी उत्तर दिलं. बाहेर आलो तर सगळे नेहमीसारखे काम करत होते.

स्टेलिओसलाही फोन केला. त्याला काही आठवतच नव्हतं. "कुठले म्हातारे?" म्हणाला. मी पुन्हा सगळं सांगितलं, पोटॅटोसकट. मग तो म्हणाला, "ओ," आणि माझ्या वडिलांना नमस्कार सांगायला सांगितलं. तो नमस्कार इथे सांगतो आहे.

बॅग भरली. पोस्टात नेली, रांगेत उभा राहिलो आणि परत घेऊन आलो. तिकीट तुम्ही म्हणाल तिथून करतो. पण बॅग पोस्टानं नाही पाठवणार. पुढच्या शुक्रवारी मी घेऊन येतो. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल.

गिरीश


वेस्ट विंडसर,
२२ जुलै २००३

चि. गिरीश,

ये. बॅग आणू नकोस.

बाबा


सनीव्हेल,
३० ऑगस्ट २००३

ताई,

बाबा काल भारतात परत निघाले. मुंबईला पोचल्यावर तुला कुणीतरी फोन करेलच. मी आज शनिवार म्हणून घरी आहे आणि घरात काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्याकडून त्यांना घेऊन आलो त्या विमानात आम्ही जवळजवळ काहीच बोललो नाही. इथे आल्यावरही पहिला आठवडा तसाच गेला. ते हळू बोलायचे आणि मला ते ऐकवायचं नाही. एक दिवस मी म्हटलं, "बाबा, मला ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला." ते म्हणाले, "तुझे कान चांगले आहेत." मी म्हटलं, "तरी बोला." तेव्हा ते उठून बाल्कनीत गेले. मी मागे गेलो नाही.

गेल्या रविवारी डगला जेवायला बोलावलं. बाबांना विचारूनच बोलावलं. ते सकाळपासून स्वयंपाकाला लागले होते, मला कांदा चिरण्यापलीकडे काही करू दिलं नाही. डग आला, दारातच बाबांना मिठी मारली. बाबांना ते अपेक्षित नव्हतं, त्यांच्या हातात पळी होती. सुरुवातीला दोघंही फार जपून बोलत होते. मग डगनं कारखान्याचं काहीतरी विचारलं आणि बाबांचा आवाज हळूहळू वर चढला. प्रेसशॉपमध्ये दोन मशीनच्या मधे उभं राहून कसं बोलायचं ते त्यांनी उठून करून दाखवलं. खिडकी उघडी होती. खाली स्विमिंग पूलपाशी बसलेल्या लोकांनी वर पाहिलं.

ताई, तुला मी खोटं लिहिणार नाही. माझे कान गरम झाले. एवढं सगळं झाल्यावर आता ते होणार नाही असं मला वाटलं होतं. झालं. खिडकी लावून घ्यावी असं मनात आलं आणि त्याच क्षणी बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना दिसलं. मला खात्री आहे, त्यांना दिसलं. मी जागचा हललो नाही. खिडकी उघडीच राहिली. त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि पुढचं बोलायला लागले, तेवढ्याच मोठ्यानं.

डग गेल्यावर भांडी घासताना मी म्हटलं, "बाबा, मी अजून..." ते म्हणाले, "माहीत आहे. ते जायला वेळ लागेल. तुझ्याकडे वेळ आहे, माझ्याकडे तेवढा नाही, म्हणून मी थांबणार नाही. मी आपला बोलत राहीन." मग म्हणाले, "कढई नीट घास."

काल एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेपर्यंतच सोडलं मला. ते दोरीच्या पलीकडे गेले. कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी बूट काढले, पट्टा काढला आणि कानातलं मशीनही काढून ट्रेमध्ये ठेवलं. मधे शंभरेक माणसं. मी हात हलवत होतो. ते वळले आणि तिथूनच, पूर्वीच्या हाकेच्या आवाजात, ओरडले, "गिरीऽऽश! वरणाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलंस का रे?"

सगळी रांग वळली. आधी त्यांच्याकडे, मग ते ज्याच्याकडे बघत होते त्याच्याकडे. एक लहान मुलगी हसली. मी म्हटलं, "ठेवलं, बाबा." त्यांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली, ऐकू नाही आलं. मी दोरीला चिकटून उभा राहिलो आणि जोरात म्हटलं, "ठेवलं!" तरी नाही. गार्ड माझ्याकडे यायला लागला, "सर..." म्हणत. मी छाती भरून श्वास घेतला, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि ओरडलो, "ठेवलंऽऽ, बाबाऽऽ!"

तेव्हा त्यांना ऐकू गेलं. हात वर करून ते आत गेले.

गिरीश